आंब्याच्या फांदीवरचे ऑर्किड: ओळख कशी पटवावी आणि सांगलीच्या उन्हाळ्यात ते कसे जपावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. शिराळा तालुक्यात आमच्या घरच्या शेताच्या बांधावर एक जुना रायवळ आंबा आहे. मार्चमधल्या अवकाळी पावसात त्याची एक जाड फांदी मोडून पडली. तिच्यावर ऑर्किडची दोन रोपे वाढलेली होती, ती सालीच्या तुकड्यासह सोडवून मी विश्रामबागेतल्या घरी आणली आहेत. पाने पट्टीसारखी, जाड आणि साधारण वीतभर लांब आहेत, ती खोडाच्या दोन बाजूंना दोन ओळींत बसलेली आहेत आणि खोड अंगठ्याहून थोडे बारीक आहे. मुळे दोरीएवढी जाड, राखाडी-पांढरी असून त्यांतली काही फांदी पडताना तुटली आहेत. सध्या फूल किंवा कळी काहीही नाही.

ही कोणती जात असावी, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकणाऱ्या आमच्या गावात ती कशी जगवावी, हे दोन प्रश्न आहेत. शेतावरचे चुलते याला सरळ बांडगूळ म्हणतात आणि आंब्यावर उरलेली रोपेही काढून टाकायला निघाले आहेत, त्यामुळे उत्तराची थोडी घाई आहे.

रानवाटा (सातारा)

ताई, पहिला अंदाज व्हँडा टेसेलाटा. आपल्या देशावरच्या आंब्या-बाभळींवर ही जात इतकी सर्रास दिसते की फुलाविना कोणी ऑर्किड दाखवले तर माझ्या तोंडी तेच नाव आधी येते. मात्र शिराळ्याचा पश्चिम भाग म्हणजे चांदोलीचे दार, तिथला पाऊस मिरज-तासगावच्या पावसापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे घाटातल्या जातीही तिथल्या बांधांवर उतरलेल्या असतात. पानाचे टोक, मुळाचे टोक आणि मागच्या वर्षीच्या फुलोऱ्याचा वाळलेला दांडा असेल तर तो, अशी तीन छायाचित्रे जवळून काढून टाकावीत. संपूर्ण रोपाचे लांबून काढलेले छायाचित्र ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असते.

पर्णिका (कऱ्हाड)

नोकरीची सगळी वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. फुलाशिवाय ऑर्किडचे नाव छातीठोकपणे सांगू नये हे खरे, पण फुलाशिवाय बरीच नावे बाद करता येतात आणि घरी रोप सांभाळणाऱ्याला तेवढ्याचाही उपयोग होतो.

आपल्या वर्णनावरून खोड एकाच शेंड्याने वर वाढत जाणारे आहे. त्यावर फुगीर कंद किंवा कांड्या नाहीत आणि पाने दोन ओळींत आहेत. म्हणजे डेंड्रोबियम, फोलिडोटा, सिंबिडियम, एरिया ही सगळी मंडळी बाजूला झाली. लुइसियाची पाने दाभणासारखी गोल असतात, तेव्हा तीही गेली. उरतात त्या घाटाच्या पायथ्याला सामान्यपणे आढळणाऱ्या व्हँडा, रिंकोस्टायलिस, एरिडिस आणि अकँपे या चार प्रजाती.

आता पानाचे टोक पाहावे. व्हँडा टेसेलाटाचे पान अरुंद, मधल्या शिरेवर खोल पन्हळीसारखे दुमडलेले आणि खाली वाकलेले असते. त्याचे टोक उंदराने कुरतडल्यासारखे दिसते, आणि नीट पाहिले तर तिथे तीन दात मोजता येतात. रिंकोस्टायलिस रेट्यूसाचे पानही पन्हळीदार आणि कुरतडलेल्या टोकाचे असते, पण अधिक लांब आणि मांसल. एरिडिसचे पान यांच्या मानाने रुंद व सपाट, आणि त्याच्या टोकाला दोन गोलसर खंड असतात, ते बहुधा लहानमोठे. अकँपे प्रेमोर्साचे पान फार जाड आणि चामड्यासारखे ताठ असते, हाताने वाकवायला गेले तर मोडेल की काय असे वाटते.

पानाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, भरवसा मी जुन्या दांड्यावर ठेवते. फुले गळाली तरी त्यांच्या देठांचे व्रण दांड्यावर राहतात. रिंकोस्टायलिसचा दांडा एकच, बिनफाट्याचा, आणि त्यावर व्रण इतके दाट की मध्ये मोकळी जागा शोधावी लागते. एरिडिस मॅक्युलोझाचा दांडा लांब, लोंबता आणि बहुधा फाटे फुटलेला असतो, व्रण विरळ असतात. अकँपेचे दांडे आखूड असून पानांच्या बगलेशीच राहतात. आपल्याकडे असा दांडा आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

मॅडम, मनापासून आभार. चिरंजीवांच्या प्रयोगाच्या पेटीतले भिंग घेऊन पाहिले. पान जवळजवळ सपाट आहे, मधली शीर खालच्या बाजूने उठून दिसते, टोकाला दोन गोल खंड आहेत आणि त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे पुढे आलेला आहे. दात कुठेही नाहीत. मोठ्या रोपावर खालच्या पानाच्या बगलेतून निघालेला एक वाळका दांडा आहे. त्याला दोन आखूड फाटे आहेत आणि व्रण एकमेकांपासून करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर आहेत. छायाचित्रे जोडली आहेत. मुळाचे टोक मात्र कोरडे पडलेले दिसते.

पर्णिका (कऱ्हाड)

छायाचित्रे पाहिली. एरिडिस आहे याविषयी मला फारशी शंका उरलेली नाही. मॅक्युलोझा की क्रिस्पा हे आत्ता सांगणार नाही. खोड आखूड आहे म्हणून कल मॅक्युलोझाकडे जातो, कारण क्रिस्पाचे खोड वाढत वाढत हातभर किंवा त्याहूनही लांब होते आणि त्यावर तांबूस-जांभळी झाक असते. परंतु क्रिस्पाचे कोवळे रोपही आखूडच असणार. दोघींचा बहर मे-जूनमध्ये येतो. रोप जगले तर फूलच सांगेल.

जुन्या पुस्तकांत ही नावे मॅक्युलोझम आणि क्रिस्पम अशी छापलेली आढळतील. शोधताना दोन्ही रूपे वापरावीत, जात तीच आहे.

द्राक्षबाग (तासगाव)

बांडगुळाचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून विचारतो. आमच्या विहिरीजवळच्या आंब्यावरही अशी रोपे आहेत आणि पावसाळ्याआधी गडी ती कोयत्याने खरवडून काढतो. झाडाचा रस शोषला जातो, मोहर कमी येतो, असे वडीलधारी माणसे सांगत आली. यात तथ्य आहे का?

रानवाटा (सातारा)

दादा, बांडगुळाच्या बाबतीत पूर्ण तथ्य आहे, ऑर्किडच्या बाबतीत मुळीच नाही. बांडगूळ अर्धपरजीवी आहे. ते स्वतःच्या पानांत अन्न तयार करते, पण पाणी आणि क्षार यजमान झाडाकडून घेते. त्यासाठी त्याचे शोषक अवयव सालीतून थेट लाकडात शिरतात आणि जोडाच्या जागी फांदीला गाठ येते. त्या गाठीपुढची फांदी हळूहळू वाळत जाते. असे बांडगूळ फांदीसह छाटणे योग्यच आहे.

ऑर्किड ही अपिवनस्पती आहे. झाड तिला फक्त बसायला जागा देते. खात्री करायची तर एखादे मूळ नखाने हलकेच उचलून पाहावे. ते सालीला चिकटलेले असते, पण त्याखालची साल अखंड असते, कुठेही छिद्र नाही, गाठ नाही. पाणी मिळते ते पावसातून आणि धुक्यातून, अन्नद्रव्ये मिळतात ती सालीच्या भेगांत साठलेल्या पालापाचोळ्यातून आणि फांदीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून. एखादी वाळकी फांदी रोपांच्या भाराने मोडेल एवढाच काय तो धोका. कृष्णाकाठ ताईंनी चुलत्यांना हा नखाचा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा, वादविवादापेक्षा तो लवकर पटतो.

द्राक्षबाग (तासगाव)

आजच पाहिले. साल अखंड आहे. गड्याला मनाई केली आहे.

गच्चीबाग (मिरज)

सांभाळण्याविषयी मी लिहितो, कारण सांगली-मिरजेच्या हवेत घाटातली रोपे वाढवण्याचे शास्त्र थोडे वेगळे आहे आणि समाजमाध्यमांवर फिरणारे बहुतेक सल्ले केरळ किंवा बंगालच्या दमट हवेतून आलेले असतात.

सर्वप्रथम कुंडी आणि माती डोक्यातून काढून टाकावी. या मुळांवर व्हेलामेन नावाचे मृत पेशींचे जाड, स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ चांदीसारखे दिसते. पाणी पडले की आवरण ते पटकन टिपून घेते आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. ही मुळे काही वेळ चिंब होण्यासाठी आणि नंतर पूर्ण सुकण्यासाठी घडलेली आहेत. माती त्यांना सुकू देत नाही आणि ती गुदमरून कुजतात. त्यामुळे रोप ओंडक्यावर बांधावे. आंब्याचा किंवा जांभळाचा खरबरीत सालीचा तुकडा उत्तम, निलगिरीचा नको, कारण तिची साल सोलपटून गळते आणि तिच्यासोबत मुळेही सुटतात. मुळांखाली नारळाच्या सोडणाचा पातळ थर द्यावा. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या किंवा सुतळी वापरावी, तांब्याची तार कदापि नको, तांबे या मुळांना घातक आहे.

बांधताना शेंडा सरळ आभाळाकडे करू नये. या रोपांना वाढीचा एकच शेंडा असतो. त्याच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठून राहिले आणि शेंडा कुजला, तर बगलेतून नवा फुटवा येईपर्यंत वाट पाहण्यापलीकडे हातात काही राहत नाही. निसर्गात ही रोपे फांदीवरून बाहेर झुकलेली असतात, पाणी आपोआप ओघळून जाते. तोच कल घरी ठेवावा.

जागा अशी निवडावी की सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि नऊ-साडेनऊनंतर सावली येईल. गच्चीवर असल्यास उन्हाळ्यात ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट लावावी, पावसाळ्यात ५० टक्क्यांची पुरते. प्रकाशाचा हिशेब पानच सांगते: गर्द हिरवे, लुसलुशीत पान म्हणजे प्रकाश कमी आणि फुले येणार नाहीत, किंचित पिवळसर हिरवे आणि उन्हाच्या बाजूला तांबूस झाक असलेले पान म्हणजे योग्य, आणि पांढुरका होऊन मग काळा पडलेला डाग म्हणजे पान भाजले.

एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत पाणी द्यावे आणि सूर्य कलल्यावर हलका फवारा मारावा, मात्र अंधार पडायच्या आत पानांची बेचकी कोरडी झाली पाहिजेत. संध्याकाळच्या गारव्याला महत्त्व आहे. जाड पानांची अशी बरीच ऑर्किडे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे कोरडी, तापलेली रात्र त्यांना दुपारच्या उन्हाइतकीच जड जाते. रोपाखाली पाणी भरलेली रुंद परात ठेवणे, जमिनीवर सडा मारणे, शेजारी केळ-अळूच्या कुंड्या ठेवणे, हे सगळे उपाय एकत्रितपणे कामी येतात. वाळ्याचा पडदा भिजवून लावता आला तर फारच उत्तम.

कृष्णाकाठ (सांगली)

फार उपयुक्त माहिती. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि घरात पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र आहे. त्या यंत्राचे वाया जाणारे पाणी झाडांना घालते, तेच यालाही चालेल ना?

गच्चीबाग (मिरज)

नाही, ते तर मुळीच नको. यंत्र पाण्यातले क्षार वेगळे काढते आणि ते वाया जाणाऱ्या पाण्यातच जमा होतात, म्हणजे ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षाही खारट असते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत. मुळांवरचे हे व्हेलामेनचे आवरण मिठाला तग धरत नाही. क्षार त्यात साठत जातात, मुळांची टोके तपकिरी होऊन थांबतात आणि ओंडक्यावर पांढरी खपली धरते. यंत्रातून आलेले शुद्ध पाणी एका मोठ्या रोपाला रोज तांब्याभरसुद्धा पुरते. पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी पिंपात साठवून झाकून ठेवावे, पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी मात्र जाऊ द्यावे. पाण्यातल्या क्षारांचे मीटर कोणाकडे असेल तर २०० पीपीएमच्या आतले पाणी निर्धास्तपणे वापरता येते.

द्राक्षबाग (तासगाव)

खताचे काय? आमच्याकडे १९:१९:१९ ची पोती कायम असतात. शिवाय बागेवर बोर्डो आणि इतर बुरशीनाशकांच्या फवारण्या चालतात, तेच मिश्रण यांच्यावर मारले तर चालेल का?

गच्चीबाग (मिरज)

विद्राव्य १९:१९:१९ चालते, पण द्राक्षाच्या मात्रेत नव्हे. लिटरला अर्धा ग्रॅम पुष्कळ झाला, तोही आठवड्यातून एकदा आणि फक्त वाढीच्या काळात, म्हणजे मुळांची टोके हिरवी दिसत असताना. खताआधी साध्या पाण्याने मुळे भिजवावीत आणि मधल्या एखाद्या आठवड्यात फक्त भरपूर पाणी देऊन साठलेले क्षार धुऊन काढावेत. दिवाळीनंतर खत बंद, पाणीही एक-दोन दिवसांआड.

बोर्डो मिश्रण नको. त्यातले तांबे ऑर्किडना मानवत नाही, डेंड्रोबियमसारख्या जातींची कोवळी वाढ तर त्याने जळते. शेजारच्या बागेतला फवारा वाऱ्याने उडून येत असेल त्या दिवशी रोपे आत घ्यावीत. बुरशीपेक्षा जास्त त्रास पिठ्या ढेकणाचा होतो. तो पानांच्या बगलेत कापसासारखा बसतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढला की बहुतेक वेळा काम भागते. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून मुळांची टोके खाऊन जातात, त्यासाठी बॅटरी घेऊन फेरी मारण्याला पर्याय नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. माझ्याकडे जांभळाच्या ओंडक्यावर लावलेले एक डेंड्रोबियम आहे. दिवाळीनंतर त्याची सगळी पाने गळाली आणि नुसत्या सुरकुतलेल्या कांड्या राहिल्या. घरातले फेकून द्या म्हणतात. मी रोज पाणी घालतो आहे, तरी हिरवे काही येत नाही.

पर्णिका (कऱ्हाड)

फेकू नका आणि पाणी मात्र कमी करा. आपल्या घाटातली डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हाटम या दोन्ही जाती कोरड्या ऋतूत पाने गाळतात आणि पर्णहीन कांड्यांवरच फुलतात. ओव्हाटमची फिकट पिवळसर फुले पावसाळा सरल्यावर लवकर येतात, बार्बाट्युलमची पांढरीशुभ्र फुले साधारण फेब्रुवारीपासून पुढे. कांडीतला साठा हाच त्या काळातला शिधा असतो. विश्रांतीच्या काळात रोज पाणी घातले तर कांड्या कुजतात. आठवड्यातून एखादा हलका फवारा पुरे. बुडाशी नवे कोंब दिसले आणि त्यांना मुळे फुटली की पाणी वाढवावे.

ही सोय एरिडिसमध्ये नाही हे धाग्यावरच्या सर्वांनी लक्षात ठेवावे. एरिडिसला साठ्याच्या कांड्या नाहीत, जे काही आहे ते जाड पानांत आणि मुळांत. तिला हिवाळ्यात पाणी कमी चालते, पण संपूर्ण बंद चालत नाही. ऑर्किडना हिवाळ्यात विश्रांती द्या, असा सरसकट सल्ला म्हणून घातक ठरतो. आधी प्रजाती ओळखावी आणि मग पाण्याचे वेळापत्रक आखावे.

वारणाकाठ (इस्लामपूर)

एका आठवडी बाजारात पाटीवर ‘सीतेची वेणी’ म्हणून अशीच रोपे विकायला होती, मुळे उघडी, साल चिकटलेली. मी दोन घेतली. एक महिन्याभरात वाळले, दुसरे तग धरून आहे. ही रोपे जंगलातून येत असावीत का? आणि सीतेची वेणी म्हणजे नेमकी कोणती जात?

रानवाटा (सातारा)

साल चिकटलेली असेल तर उत्तर तुमच्यासमोरच आहे. रोपवाटिकेत वाढलेल्या रोपाची मुळे जाळीदार कुंडीत किंवा कोळशात गुंतलेली असतात आणि त्याची पाने सारख्या आकाराची, बिनडागाची असतात. झाडावरून ओरबाडलेल्या रोपाची मुळे तुटलेली, एका बाजूने चपटी झालेली आणि पानांवर जुन्या उन्हा-किडीच्या खुणा असतात. अशी रोपे पुन्हा विकत घेऊ नयेत ही विनंती. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांतून कोणतीही वनस्पती परवानगीशिवाय काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि राखीव वनांना १९२७ चा भारतीय वन कायदा लागू आहे. शिवाय ऑर्किडचे संपूर्ण कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहे, बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात. कृष्णाकाठ ताईंचे प्रकरण वेगळे आहे, मोडलेली फांदी त्यांच्याच बांधावरची होती.

नावाचे म्हणाल तर रिंकोस्टायलिस आणि एरिडिस या दोघींनाही लोक ते नाव देतात. तुमच्या उरलेल्या रोपाच्या पानाचे टोक पर्णिका मॅडमनी वर सांगितलेल्या पद्धतीने पाहा, उत्तर तिथेच मिळेल.

कृष्णाकाठ (सांगली)

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. उन्हाळा निभावला. छोट्या रोपाची खालची दोन पाने पिवळी पडून गळाली, मोठ्याने मे महिन्याच्या मध्यावर दोन नवी मुळे टाकली आणि रोहिणीत त्याच्या बगलेतून फुलोरा डोकावला. मृगाचे पहिले शिंतोडे पडले तेव्हा फुले उमलली आहेत. दांडा खाली झुकलेला आहे आणि त्याला एक फाटा आहे. फुले फिकट गुलाबी-पांढरी असून पाकळ्यांवर जांभळे ठिपके आहेत, मधली ओठासारखी पाकळी गडद गुलाबी-जांभळी आहे, तिची कड किंचित लहरदार असली तरी झालर नाही. फुलाच्या मागे एक आखूड, पुढे वळलेले पोकळ शिंग आहे. सकाळी मंद सुवास येतो. पुढून, बाजूने आणि मागून अशी छायाचित्रे जोडली आहेत.

पर्णिका (कऱ्हाड)

अभिनंदन, ताई. एरिडिस मॅक्युलोझा, आता निःशंकपणे. ठिपके हा पहिला पुरावा. क्रिस्पाच्या पाकळ्या पांढऱ्या, कडेला गुलाबी छटा असलेल्या पण बिनठिपक्यांच्या असतात, फूल बरेच मोठे असते आणि तिच्या ओष्ठाच्या मधल्या खंडाची कड दातेरी, झालरीसारखी असते. तुमच्या फुलाच्या ओष्ठाला तशी झालर नाही. रिंकोस्टायलिसशी गल्लत होण्याचे कारणही आता उरले नाही. तिच्यातही पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके असतात, म्हणून एकाच फुलाचे पुढून काढलेले छायाचित्र पाहून भले भले फसतात. परंतु तिच्या फुलामागची पिशवी दोन्ही बाजूंनी चपटी आणि मागे वळलेली असते, तर एरिडिसचे शिंग पुढे, ओष्ठाच्या दिशेने वळते. तुम्ही बाजूने काढलेले छायाचित्र म्हणूनच तिन्हींत मोलाचे आहे.

ही जात मुख्यतः आपल्या द्वीपकल्पातली आहे, सह्याद्रीत ती विपुल आढळते. तुमच्या बांधावर ती आहे यात नवल नाही, आनंद मात्र जरूर आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

माझ्या डेंड्रोबियमलाही बुडाशी तीन कोंब आले आहेत. आता एक लोभ सुटला आहे. कासच्या सड्यावरची हबेनारिया, ते पांढरे दाताच्या ब्रशसारखे तुरे, घरी कुंडीत लावता येतील का? ती जमिनीत वाढतात, म्हणजे सोपी असावीत.

रानवाटा (सातारा)

उलट जास्त अवघड आहेत. जमिनीतली ही ऑर्किडे कंदावर जगतात, पावसाळ्यात वर येतात आणि थंडी पडायच्या आत दिसेनाशी होतात. त्यांचे जगणे त्या जागच्या मातीतल्या बुरशीशी बांधलेले असते. साधारण १,२०० मीटर उंचीवरचा, जांभ्या दगडावरचा तो चिमूटभर मातीचा थर, महिनोन् महिने धुके आणि नंतर कडकडीत कोरड, हे साताऱ्याच्या गच्चीवर उभे करता येत नाही. कंद उपटला की पुढच्या पावसात तो वर येण्याची आशा फार थोडी. आणि कास राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. ऑगस्टअखेरीस जावे, पायवाट न सोडता पाहावे.

वारणाकाठ (इस्लामपूर)

माझ्या रोपाच्या पानाला तीन दात निघाले आणि परवा पिवळसर-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकटींची नक्षी असलेले फूल आले, ओष्ठ निळसर जांभळा. म्हणजे व्हँडा टेसेलाटा, बरोबर ना?

पर्णिका (कऱ्हाड)

अगदी बरोबर. तिला एरिडिसपेक्षा ऊन थोडे जास्त चालते आणि आपल्या भागाची कोरडी हवा ती अधिक सोसते. बाकी निगा तीच.

कृष्णाकाठ (सांगली)

मॅडम, शेवटचा प्रश्न. फुले कोमेजली, पण दोन फुलांचे देठ फुगून हिरवी बोंडे धरली आहेत. गच्चीवर भुंगे येत होते खरे. त्यांतले बी पेरून रोपे करता येतील का? शेतावरच्या आंब्यासाठी आणखी रोपे मिळाली तर हवीच आहेत.

पर्णिका (कऱ्हाड)

घरी पेरून नाही. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते आणि त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. एका बोंडात ते प्रचंड संख्येने असते, पण रुजण्यासाठी त्याला विशिष्ट बुरशीची साथ लागते. ती बुरशी बीजाच्या पेशींत शिरून त्याला अन्न पुरवते. हे नाते फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये उलगडले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार मिसळलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले आणि तिथून प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये रोपे करण्याचा मार्ग खुला झाला. तुमचे बोंड पिकायला काही महिने लागतील. पिकू दिले आणि बी आंब्याच्या सालीवर, त्यातही जिथे आधीपासून रोपे आहेत त्यांच्या मुळांजवळ झटकले, तर एखादे रुजण्याची शक्यता असते. मात्र त्यातून फुलणारे रोप व्हायला कित्येक वर्षे जातात.

तरीही या वर्षी मी बोंडे ठेवण्याचा सल्ला देणार नाही. या रोपाची मुळे मार्चमध्ये तुटली आहेत, त्याने उन्हाळा काढून फुलोराही दिला, आणि बोंड पोसण्याचा खर्च फुलापेक्षा मोठा असतो. तोच जोर पावसाळ्यात नवी मुळे ओंडक्याला घट्ट धरायला लागायला हवा. आंब्यावर जी निरोगी रोपे शिल्लक आहेत त्यांना बोंडे धरली तर तिथेच राहू द्या. तिथे बुरशीही असेल आणि बोंड फुटून बी वाऱ्यावर जाण्याची सोयही. गच्चीवरची दोन्ही बोंडे आता हिरवी असतानाच देठापासून कापावीत. कात्री आधी ज्योतीवर धरून गार करून घ्यावी आणि दुसऱ्या रोपाला लावण्यापूर्वी पुन्हा तसेच करावे, कारण ऑर्किडचे विषाणू रस लागलेल्या पात्यावरून एका रोपातून दुसऱ्यात जातात आणि त्यांवर औषध नाही.